बिनवेतनी कारागिरांचें यजमानपण

घरांत कार्य निघालें म्हणजे यजमानाची झोप उडते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांच्या पदरीं असेल. मांडव, आचारी, पाण्याची सोय, दूरच्या आप्तांच्या उतरण्याची व्यवस्था, कोणाचें पथ्य, कोणाचा उपास आणि कोणाचा रुसवा. या सर्वांची यादी करतां करतां गृहस्थ थकून जातो. तरीहि त्यांत एक दिलासा असतो. येणारे पाहुणे आपले असतात. त्यांचे स्वभाव आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. आतां अशी कल्पना करा कीं, पस्तीस देशांतून पावणेपाचशेंच्या आसपास माणसें आठ दिवसांसाठीं आपल्या गांवीं यावयाचीं आहेत. त्यांतील पुष्कळांनीं एकमेकांचीं तोंडें क्वचितच पाहिलीं आहेत. पण ई-मेलच्या पत्रांतून वर्षानुवर्षें कडाक्याचे वाद मात्र घातले आहेत. त्यांना एकत्र बांधणारा वेतनाचा अथवा हुकुमाचा धागाहि नाहीं. अशा कार्याचें यजमानपण कोणी आपण होऊन मागून घेईल काय? इ. स. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत केरळांतील कोची शहरीं भारतांतील कांहीं तरुणांनीं तें मागून घेतलें आणि शेवटास नेलें. त्या परिषदेची व तशा परिषदा भरविण्यामागील विचाराची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हे कारागीर कोण?

संगणकाला काम सांगणारी जी आज्ञावली, तिला सॉफ्टवेअर म्हणतात हें आतां घरांतील मुलांनाहि ठाऊक आहे. बाजारांत विकलें जाणारें बरेंचसें सॉफ्टवेअर कुलूपबंद पेटीसारखें असतें. तें वापरावयाचें, पण उघडून पाहावयाचें नाहीं. १९८३ च्या सप्टेंबरांत रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं हें कुलूप नाकारलें. आज्ञावली वापरण्याची, तपासण्याची, सुधारण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक प्रत्येकास असली पाहिजे, असें प्रतिपादून त्यांनीं 'ग्नू' नामक प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लिहून लोकांच्या हवालीं केला.

परंतु गाभा आणि सुटे भाग मिळाले म्हणजे संसार उभा राहात नाहीं. डाळ, तांदूळ, मीठ, तेल हीं निरनिराळ्या ठिकाणांहून आणून, निवडून-पाखडून, डब्यांत नीट भरून ठेवणारें कोणीतरी घरांत असावें लागतें. त्या कामासाठीं इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं 'डेबियन' नांवाचा उपक्रम पुकारला. आपली मैत्रीण, जी पुढें त्याची पत्नी झाली, तिचें 'डेब्रा' हें नांव आपल्या नांवाशीं जोडून त्यानें हा शब्द बनविला. अशा घरगुती मायेनें नामकरण झालेल्या या संस्थेच्या भांडारांत आज साठ हजारांहून अधिक आज्ञावली वापरण्यास सिद्ध अशा स्थितींत ठेवलेल्या आहेत. तें भांडार संभाळणारे, मतदानाचा हक्क असलेले सभासद सुमारें एक हजार आहेत. संस्था त्यांना या कामाचें वेतन देत नाहीं. कोणी अध्यापक आहे, कोणी विद्यार्थी, कोणी दिवसा नोकरी करून रात्रीं हें काम करणारा. संस्थेचा प्रमुख दरवर्षीं सभासदांच्या मतानें निवडला जातो, आणि त्यालाहि कोणावर हुकूम गाजवितां येत नाहीं. आमच्या वाचकांस संतोष वाटेल अशी गोष्ट ही कीं, ही प्रणाली संगणकावर बसवितांना विचारले जाणारे प्रश्न मराठींतूनहि वाचावयास मिळतात.

पत्रानें काम होतें, मग भेट कशाला?

हें सर्व काम इंटरनेटवरून घरबसल्या होतें. मग इतका खर्च करून आणि समुद्र ओलांडून एकत्र जमण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीहि व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचें उत्तर आपल्याच रीतिरिवाजांत सांपडतें. मुलगी द्यावयाची झाली म्हणजे पत्रव्यवहार कितीहि झाला, छायाचित्रें आलीं, तरी घरचें एखादें वडीलधारें माणूस जाऊन स्थळ पाहून आल्याशिवाय आपण होकार देत नाहीं. विश्वास हा पत्रानें वाढतो, पण जडतो तो भेटीनें.

डेबियनमध्यें तर या विश्वासाला अक्षरशः मुद्रेचें रूप आहे. प्रत्येक सभासदाजवळ एक गुप्त किल्ली असते. तिच्या योगानें तो आपल्या कामावर असा शिक्का उमटवितो कीं, त्याची नक्कल दुसऱ्यास करतां येत नाहीं. या शिक्क्यानिशीं भांडारांत टाकलेली आज्ञावली पुढें जगभरच्या असंख्य संगणकांवर जाते. तेव्हां अमुक शिक्का खरोखर अमुक माणसाचाच आहे, याची खात्री कोणी द्यावयाची? ती सभासदच एकमेकांची देतात. परिषदेंत ते समोरासमोर उभे राहतात, पारपत्रासारखें ओळखपत्र दाखवितात, किल्लीची खूण म्हणून असलेली लांबलचक अक्षरमाला ताडून पाहतात, आणि मग घरीं परतल्यावर एकमेकांच्या किल्लीवर आपली साक्ष घालतात. नव्या उमेदवारास सभासद व्हावयाचें तर जुन्या सभासदांची अशी साक्ष लागते. बँका, दवाखाने, शाळा ज्या आज्ञावलींवर चालतात त्यांची विश्वासार्हता अशा प्रकारें शेवटीं दोन माणसांनीं एकमेकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहण्यावर येऊन ठेपते.

शिवाय भांडणाचाहि प्रश्न आहेच. लेखी शब्दाला आवाज नसतो. म्हणून थट्टेनें लिहिलेलें टोचतें आणि मतभेदाचा वैरभाव होतो. तोच मनुष्य जेवणाच्या रांगेंत पुढें उभा राहून आपल्या हातीं ताट देतो तेव्हां त्याच्याशीं पूर्वीच्या आवेशानें भांडणें कठीण जातें. घरांत दोन जावांचा अबोला पुष्कळदां मोदक वळण्याच्या पाटावर सुटतो, तसाच हा प्रकार आहे.

यजमान कसा ठरतो?

डेबियनच्या सभासदांची पहिली परिषद २००० सालच्या जुलैंत फ्रान्समधील बोर्दो येथें झाली. त्यानंतर टोरोंटो, ऑस्लो, हेलसिंकी, मेक्सिको, एडिंबरो, निकाराग्वाची राजधानी मनाग्वा, केप टाउन, तैवानमधील सिंचू, कोसोव्होमधील प्रिझरेन अशीं गांवें घेत ही वारी फिरत राहिली. ज्या गांवच्या मंडळीस आमंत्रण द्यावयाचें असेल ती आधीं आपली तयारी सविस्तर लिहून मांडते. सभागृहें किती, निजण्याच्या खोल्या किती, विमानतळ किती लांब, इंटरनेट किती जलद, जेवणाचा खर्च काय, परदेशी माणसांस प्रवेशाचा परवाना मिळेल काय, अपंगांची सोय कशी. या प्रश्नांची उत्तरें तपासून समिति निर्णय देते. बडेजावाला येथें महत्त्व नाहीं. स्वित्झर्लंडमधील वोमार्क्यू या लहानशा खेड्यांत तळ्याच्या कांठीं भरलेली २०१३ ची परिषद सभासदांच्या ध्यानांत आहे, आणि २०१० ची न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठांतील परिषदहि आहे.

आमंत्रण देऊनहि पाहुणे येतातच असें नाहीं. २०२० सालची परिषद इस्रायलमधील हैफा येथें ठरली होती. महासाथीमुळें ती दूरस्थ रीतीनें, पडद्यावरच भरवावी लागली. २०२१ सालींहि तसेंच झालें. पुढें २०२४ साठीं पुन्हा हैफाचेंच नांव जाहीर झालें, परंतु परिषद प्रत्यक्षांत भरली ती दक्षिण कोरियांतील बुसान येथें. पाट-रांगोळी मांडून बसलेल्या यजमानाला पंगतच दुसरीकडे गेल्याचें पाहावें लागलें, तर त्याच्या मनास काय वाटत असेल याची कल्पना गृहिणींस करून द्यावयास नको.

कोचीची निवड मात्र भारताच्या दृष्टीनें मोठ्या अगत्याची होती. कारण ही परिषद त्यापूर्वीं आपल्या देशांत कधींच भरली नव्हती. केरळची भूमि या विचाराला अनुकूलहि होती. भारतांतील मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाचा आरंभ २००१ सालीं तिरुवनंतपुरम येथें झाला. केरळ सरकारनें आपल्या शाळांतून मुक्त प्रणालीवरच संगणकाचें शिक्षण देण्याचें धोरण पुष्कळ वर्षें चालविलें आहे. आणि मल्याळी लिपीचे टंक व भाषेचीं साधनें आपण होऊन घडविणाऱ्या तरुणांचें मंडळ तेथें दोन दशकांहून अधिक काळ काम करीत आहे. म्हणजे केवळ हौस नव्हे, तर पाठीशीं घरची परंपरा होती.

पंगतीची व्यवस्था

परिषद १० ते १७ सप्टेंबर २०२३ या दिवसांत कोचीच्या इन्फोपार्क भागांतील एका हॉटेलांत भरली. तत्पूर्वींचा आठवडा 'शिबिरा'चा होता. या शिबिरांत व्याख्यानें नसतात. मंडळी मेजाभोवतीं बसून अडलेलें काम हातावेगळें करितात. यजमानहि याच आठवड्यांत तारा ओढतात, ध्वनिक्षेपक लावतात आणि आचाऱ्यास अंदाज देतात. लग्नाआधीं घरीं जमलेल्या माहेरवाशिणींच्या गजबजीशींच याची तुलना होईल.

पैशाची व्यवस्था विचार करण्याजोगी आहे. सामान्य सभासदास प्रवेशशुल्काची सक्ति नसते. ज्याचा खर्च त्याची कंपनी देते, त्यानें ठराविक रक्कम द्यावी अशी अपेक्षा असते. मोठमोठ्या कंपन्या व संस्था देणग्या देतात. या निधींतून, ज्याची ऐपत नाहीं पण काम चांगलें आहे, अशा सभासदाला जेवण, निवास व प्रवास यांसाठीं मदत दिली जाते. आमच्या मतें ही तजवीज सर्व परिषदेचा प्राण आहे. ती नसती तर पंगत केवळ श्रीमंत देशांतील माणसांची झाली असती, आणि ब्राझिलचा विद्यार्थी किंवा पालक्काडची मुलगी दारांतच थबकली असती.

प्रत्येक मुक्त परिषद याच धर्तीची असते असें मात्र नाहीं. ब्रसेल्स येथें २००१ सालापासून 'फॉसडेम' नांवाची जत्रा भरत आली आहे. तेथें तिकीट नाहीं आणि नांवनोंदणीहि नाहीं. हजारों माणसें दोन दिवस विद्यापीठाच्या आवारांत येतात-जातात. ती भंडाऱ्याची रीत झाली. डेबियनची रीत घरच्या कार्याची आहे. कोण येणार, काय खाणार, कोणत्या खोलींत निजणार, हें आधीं ठाऊक असतें. म्हणून यजमानाच्या शिरावर जोखीमहि अधिक असते.

नांवनोंदणीच्या वेळींच प्रत्येकास आहाराविषयीं विचारलें जातें. शाकाहारी, दूधहि वर्ज्य करणारे, कांहीं पदार्थांची बाधा होणारे अशा सर्वांची नोंद घेतली जाते. एका संध्याकाळीं जो तो आपापल्या प्रांताची खाद्यवस्तु आणून मध्यें मांडतो. २००५ सालीं हेलसिंकीच्या परिषदेंत फ्रेंच मंडळींच्या खोलींत ही प्रथा सहज सुरू झाली, आणि त्यामुळें तिला फ्रेंच वळणाचें चीज व द्राक्षासवाचें नांव पडलें. आमच्या वाचकांतील कोणी सोवळ्या वृत्तीचे असतील त्यांनीं घाबरून जाऊं नये. फळांचे रस, मिठाया व शाकाहारी जिन्नस यांनाहि तेथें सारखाच मान असतो, आणि पुणेकरानें बाकरवडीचा पुडा नेला तर तो मोकळाच परत येईल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

या कार्यांत आम्हांस विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे येथें वाढपी निराळे नसतात. पाहुणाच सकाळीं व्याख्यान देतो, दुपारीं कॅमेऱ्यामागें उभा राहतो आणि संध्याकाळीं नोंदणीच्या मेजावर बसून नव्या माणसाच्या गळ्यांत नांवाची पट्टी घालतो. जवळजवळ प्रत्येक व्याख्यान चित्रित करून त्याच वेळीं जगभर दाखविलें जातें आणि पुढें सर्वांसाठीं मोकळें ठेवलें जातें. हें सर्व शिकाऊ हात पाळीपाळीनें करितात. या चित्रणाचा एक उपयोग सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यांनीं परिषद भरविली त्यांना एकहि व्याख्यान धड ऐकावयास मिळत नाहीं. कोठें खोलीची किल्ली हरवलेली असते, कोठें वीज गेलेली असते. शेवटच्या पंगतीस बसणाऱ्या यजमानासाठीं वाढून ठेवलेलें ताट म्हणजे तें चित्रण होय.

तेवढेंच महत्त्वाचे आहेत ते सभ्यतेचे नियम. २०१४ सालीं संस्थेनें मतदान करून आचारसंहिता स्वीकारली. परिषदेंत कोणास त्रास झाला तर तक्रार कोणाकडे न्यावी, हें पहिल्याच दिवशीं सांगितलें जातें. मुलींनीं अशा ठिकाणीं निर्धास्त जावें असें वाटत असेल, तर चांगुलपणा गृहीत धरून भागत नाहीं. दाराशीं कोणीतरी जबाबदार माणूस उभें असावें लागतें.

यजमानाची खरी कसोटी

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, कोचीची परिषद म्हणजे आठ दिवसांचा उत्सव झाला. तसें नाहीं. परिषदेच्या मध्यावर एक दिवस सहलीचा असतो. १३ सप्टेंबर २०२३ रोजीं त्या सहलींत जलक्रीडेच्या वेळीं एका तरुण सभासदाचा बुडून मृत्यु झाला. तो केरळचाच होता. परिषद उभी करणाऱ्यांपैकींच होता. परिषदेच्या सजावटींत व चित्रकामांत त्याचा हात होता. त्यानें रेखाटलेल्या खुणा पाहुण्यांच्या अंगावर आणि भिंतींवर असतांना तो स्वतः नाहींसा झाला.

कोणाचा दोष काढावा असा आमचा हेतु नाहीं, आणि तो आमचा अधिकारहि नाहीं. परंतु अशा वेळीं यजमानावर काय गुदरतें तें वाचकांनीं मनांत आणावें. हे यजमान कोणी व्यावसायिक नव्हते. तेहि त्याचे सोबतीच होते. त्यांना आपल्या मित्राचा शोक करावयाचा होता, त्याच्या आईबापांसमोर उभें राहावयाचें होतें, आणि त्याच घटकेस परक्या देशांतून आलेल्या शेंकडों माणसांना जेवूं घालावयाचें होतें, धीर द्यावयाचा होता. पुढील कार्यक्रम बदलण्यांत आला. दिवंगत मित्रास श्रद्धांजलि वाहिली गेली. आणि १७ तारखेस परिषदेचा समारोप झाला. कार्य पुढें चालविणें ही हृदयशून्यता नव्हे. घरांत दुःखद प्रसंग ओढवला असतांहि आलेल्या माणसांची विचारपूस करणारी आजी आपण पाहिलेली असते. तिचे डोळे पदराआड पुसलेले असतात, पण चूल पेटती असते.

या प्रसंगापासून शिकण्यासारखें आहे तें असें. परिषद भरविणारे तरुण बहुधा पहिल्या यादींत इंटरनेट, पडदे आणि व्याख्याते लिहितात. आणि डॉक्टर, वाहन, पाणी, विमा, रात्रीं-अपरात्रीं कोणास हांक मारावयाची हें शेवटच्या ओळींत लिहितात. आमच्या मतें हा क्रम उलटा असला पाहिजे. व्याख्यान राहिलें तर पुढल्या वर्षीं होईल. आज्ञावलींतील चूक दुरुस्त करतां येते. आईच्या हातचें जेवून घरांतून निघालेला मुलगा सुखरूप परत गेला पाहिजे, हीच यजमानपणाची पहिली ओळ होय.

आपल्या घरांनीं काय करावें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं संगणकाचें शिक्षण घेतलेलीं मुलें-मुली आहेत. पुण्यास सिम्बायोसिसच्या संगणक महाविद्यालयांत 'ग्नूनिफाय' या नांवानें अनेक वर्षें भरलेल्या मेळाव्यांत त्यांच्यापैकीं कांहींनीं भागहि घेतला असेल. एखाद्या सकाळीं असा मुलगा वडिलांना सांगेल कीं, "आम्ही यंदा आपल्या गांवीं परिषद भरविणार आहों." त्यावर "पगार किती?" हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो पहिला नसावा. सार्वजनिक वाचनालयें, वक्तृत्वाच्या सभा आणि व्याख्यानमाला आपल्या वाडवडिलांनीं अशाच बिनपगारी श्रमांनीं उभ्या केल्या. ज्ञान कुलुपांत राहूं नये ही त्यांची तळमळ आणि या तरुणांची तळमळ एकाच जातीची आहे.

त्या मुलापाशीं उत्साह भरपूर असतो. त्याच्यापाशीं नसतो तो कार्याचा अनुभव, आणि तो आपल्या घरांत पडून आहे. दोनशें माणसांस किती भात लागतो हें आत्याबाईंना ठाऊक आहे. हिशेबाच्या वहींत जमा-खर्च रोजच्या रोज कां मांडावा, हें काकांना ठाऊक आहे. सरकारी परवानगीचा अर्ज किती आधीं करावा, हें पेन्शन घेऊन बसलेल्या आजोबांहून अधिक कोणास ठाऊक असणार? परदेशी पाहुण्यांसाठीं ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. परिषदेच्या व्हिशासाठीं यजमानांनाच सरकारच्या खात्यांतून संमति मिळवावी लागते, आणि तींत महिने जातात. सहलीस जातांना कोण पोहणारा, कोण न पोहणारा, याची टिपणी घेण्याची सूचना तर प्रत्येक आई न विचारतांच करील. ती सूचना मुलानें हंसण्यावारी नेऊं नये.

याचें फळ कोणास मिळतें, असें कोणी विचारील. मराठी भाषेपुरतें तरी उत्तर स्पष्ट आहे. जी भाषा बोलणारीं माणसें या पंगतीस बसतात, त्या भाषेचे टंक, शब्द आणि अडचणी तेथें बोलल्या जातात. जी येत नाहींत, त्यांची भाषा दुसऱ्याच्या सवडीवर राहते. मल्याळी तरुणांनीं जगाला आपल्या अंगणांत बोलावून हें ओळखल्याचें दाखविलें. त्यांच्या अंगणाला त्याची मोठी किंमतहि पडली. ती किंमत ध्यानांत ठेवून, अधिक सावधपणें पण तितक्याच मोकळ्या हातानें, असें कार्य महाराष्ट्रांतील घरांनीं अंगावर घ्यावें, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करितों.